मंजूर झालं, जमा झालं, मिळालं का?

वर्षाला २१,००० रुपये. महिन्याला १,७५०, दिवसाला साधारण साडेसत्तावन्न. ही एका माणसाची कमाई नव्हे, अख्ख्या घराची. याहून जास्त मिळवणारं कुटुंब संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या नियमात बसत नाही.

योजना १९८० सालची. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले, अनाथ मुलं अशांसाठी. पासष्टीपुढच्या वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे, तिलाही एकवीस हजारांचीच अट. दिव्यांगांना तेवढी पन्नास हजारांपर्यंत सवलत. आता याच्या शेजारी दुसरा एक सरकारी आकडा मांडून पाहा. २०२५-२६ साठी रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रातला दर होता दिवसाला ३१२ रुपये. घरातल्या एकाच बाईने या दराने काम केलं, तर अडुसष्टाव्या दिवशी ती एकवीस हजारांच्या पलीकडे जाते. कायद्याने हमी मात्र तेव्हा शंभर दिवसांची होती. म्हणजे एका खात्याने दिलेली हमी जिने पुरेपूर वापरली, ती दुसऱ्या खात्याच्या दारात अपात्र.

मग लाखो लाभार्थी पात्र कसे ठरतात? उत्पन्नाचा दाखला वीस किंवा एकवीस हजारांचाच निघतो म्हणून. हे तलाठ्याला ठाऊक असतं (त्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, गाव अजून तलाठीच म्हणतं), तहसीलदाराला ठाऊक असतं आणि अर्ज करणाऱ्या बाईलाही. कुणी कुणाला फसवत नसतं. अटच अशी आहे की खरं लिहिलं तर योजना बंद करावी लागेल. पण या सोयीच्या लबाडीची किंमत एकटी लाभार्थी मोजते. तिच्या फाईलमध्ये कायमचा असा एक कागद राहतो, जो कुणीही, कधीही तिच्याविरुद्ध काढू शकतो. निवडणुकीत, भावकीच्या भांडणात, ग्रामसभेत. हक्काचे पैसे उपकारासारखे घ्यावे लागतात, ते इथपासून.

कागदाला कागद

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बाजाराच्या दिवशी, तहसील कचेरीच्या कंपाउंडला लागून असलेल्या झेरॉक्सच्या दुकानात एक बाई बसलेली असते. तिला सगळे ताई म्हणतात. स्वतः विधवा, एकल महिलांच्या गटाचं काम करणारी, शिक्षण दहावी. तिच्याकडे लांबट कोऱ्या पानांचं रजिस्टर आहे. पट्टीने आखलेले रकाने: नाव-गाव, बारनिशी नंबर आणि तारीख, कुठे अडलं, कुणी काय सांगितलं. शेवटच्या रकान्याचं शीर्षक एकाच शब्दाचं आहे: ‘पडले?’

या भागात पैसे जमा होत नाहीत, पडतात. आणि निराधारच्या अनुदानाला अनुदान म्हणत नाहीत, पगार म्हणतात. ‘म्हातारीचा पगार चालू झाला का?’ असं विचारतात.

ताईचा पहिला नियम: आवक टेबलावर शिक्का मारलेली पोच हातात आल्याशिवाय अर्ज दिला असं म्हणायचं नाही. “कोरा कागद देऊन आलीस तर काय दिलंस? रद्दी दिलीस,” असं ती तोंडावर सांगते. तिच्या म्हणण्याप्रमाणे तालुक्यातले निम्मे अर्ज नामंजूर होत नाहीत, ते हरवतात. नामंजूर झाला तर निदान कारण मागता येतं.

त्या दिवशी तिच्यासमोर पस्तिशीची एक बाई होती. नवरा ऊसतोडीला गेलेला असताना पश्चिम महाराष्ट्रात, कारखान्याच्या तळावर वारला. प्रेत टेम्पोने गावी आणलं, दहावं-तेरावं झालं, मुकादमाने राहिलेल्या उचलीचा हिशेब सांगितला. मृत्यूची नोंद कुणी केली नाही. कायद्याने मृत्यूची नोंद होते ती जिथे मृत्यू झाला तिथे, माणूस राहतो त्या गावात नाही. एकवीस दिवसांत केली तर फुकट आणि विनासायास; वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तेव्हा या बाईला निराधारचा अर्ज करायचा तर आधी तीनशे किलोमीटरवरच्या ग्रामपंचायतीतून दाखला आणायला हवा. तो मिळेपर्यंत सरकारच्या लेखी तिचा नवरा जिवंत आहे आणि ती निराधार नाही.

यानंतरची साखळी ठरलेली. उत्पन्नाचा दाखला हवा, त्याला तलाठ्याचा अहवाल हवा. रहिवासी दाखला हवा, त्याला रेशनकार्ड हवं. रेशनकार्डात नाव सासऱ्याच्या कुटुंबात, ते वेगळं काढायला सासऱ्याची संमती हवी, आणि सासरा तिला घरातूनच वेगळं काढायच्या तयारीत. आधारवर माहेरचं आडनाव, बँकेच्या पासबुकावर सासरचं, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच काही. जन्मतारीख एक जानेवारी. आमच्या खेडोपाडी एक जानेवारीला जन्मलेल्यांची संख्या अफाट आहे. आधारची नोंदणी करणाऱ्या पोराने वय विचारलं, साल काढलं आणि तारीख महिना मशीनने भरला. त्या तारखेवर आता कुणाचा पगार दोन वर्षं आधी सुरू होतो, कुणाचा चार वर्षं उशिरा.

आणखी एक लाभ या बाईच्या हक्काचा होता, पण तिने त्याचं नावही ऐकलं नव्हतं. घरचा कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालील यादीत असलं, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच वीस हजार रुपये मिळतात. ताईने यादीतला क्रमांक विचारला. ग्रामीण भागातली ही यादी २००२ च्या सर्वेक्षणावर उभी आहे. त्या साली ही बाई माहेरी परकरात खेळत होती. नवऱ्याचं नाव त्याच्या बापाच्या कुटुंबात सापडलं तर दार उघडेल, नाही तर नाही.

तालुका पातळीवर मंजुरी देते ती संजय गांधी योजनेची समिती. तिच्यावर अशासकीय सदस्य असतात, अध्यक्ष बहुधा सत्तेतल्या पक्षाचा कार्यकर्ता. बैठक लागली तर यादी निघते. सरकार बदललं, समिती बरखास्त झाली, आचारसंहिता लागली की अर्जांचे गठ्ठे तसेच बांधून ठेवलेले. बैठक झाली की अध्यक्षांच्या फोटोसह मंजुरीपत्रांचं वाटप होतं. लाभार्थ्याला वाटतं, पगार अध्यक्षांनी चालू केला. तसं वाटावं, हीच व्यवस्थेची इच्छा असते.

जुलै २०२४ मध्ये काय घडलं

हे सगळं असंच असतं, सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण २८ जून २०२४ ला अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली, १ जुलैपासून अर्ज सुरू झाले, आणि ऑगस्टच्या मध्यावर, राखीपौर्णिमेच्या आधी, पहिल्या दोन हप्त्यांचे तीन हजार रुपये बायकांच्या खात्यात पडायला लागले. पुढे लाभार्थींचा आकडा दोन कोटींच्या वर गेला.

एवढ्या वेगाने हे जमलं कसं, ते नीट पाहण्यासारखं आहे. सुरुवातीला तहसील कचेऱ्यांपुढे दाखल्यांसाठी रांगा लागल्या. मग सरकारने एकेक अट सैल केली. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको. अधिवास प्रमाणपत्र नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला यांतलं काहीही चालेल. पाच एकर शेतीची अट काढली. वयाची मर्यादा साठवरून पासष्टवर नेली. मुदत वाढवली. फॉर्म भरायला मोबाइलचं ॲप आणलं आणि गावातल्या अंगणवाडी सेविकेला अर्जामागे पन्नास रुपये देऊ केले.

निराधार योजनेत अर्जदार बाई कचेरीत जाते. इथे कचेरी बाईच्या उंबऱ्यापाशी आली. अर्ज भरून देणं हे काम आहे, त्याला वेळ लागतो आणि त्याचे पैसे द्यावे लागतात, हे राज्य सरकारने लेखी मान्य केलं, ते त्या पन्नास रुपयांत. ज्यांना त्या निर्णयामागे विधानसभेची निवडणूक दिसते त्यांना दिसो. मुद्दा हा की यंत्रणेला येत नाही असं नाही. येतं. मनावर घेतलं तर दीड महिन्यात येतं.

दोन योजना शेजारी ठेवल्या की विसंगती डोळ्यांत भरते. लाडकी बहीणसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, निराधारसाठी एकवीस हजार. जवळजवळ बारापट फरक. विधवेला निराधारची रक्कम जुलै २०२३ पासून दीड हजार, लाडकी बहीणचीही दीड हजार. एक घेणारीला दुसरी मिळत नाही. म्हणजे कुंकू पुसलेल्या, जमीन नसलेल्या बाईला चार दाखले आणि समितीची बैठक ओलांडून जे मिळतं, तेच शेजारणीला रेशनकार्डाच्या फोटोवर मिळालं. ताई याचा राग धरत नाही. “मिळू दे की तिलाबी. पण मग माझ्या बायांना एवढे दाखले कशाला मागता, ते सांगा.”

आधी दिलं आणि मग तपासलं, हे लाडकी बहीणचं दुसरं अंग. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वांना ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात स्वतःच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा, त्याच्या मोबाइलवर येणारा ओटीपी भरायचा. ज्या बाईचा नवराही नाही आणि बापही नाही, तिने कुणाचा ओटीपी आणायचा? दोन कोटी बायकांसाठी ई-केवायसीचा पडदा आखताना ही बाई आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नव्हती. ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय निघाली. ऊसतोडीला गेलेल्या बाया तोवर फडावर होत्या. मृत्यूच्या दाखल्याची गोष्ट वर सांगितलीच आहे.

पैसे पडले का?

अर्ज मंजूर झाला. आता महिन्याच्या महिन्याला पैसे यायला हवेत. ताईच्या रजिस्टरमध्ये सर्वांत जास्त खाडाखोड याच्यापुढे सुरू होते.

डिसेंबर २०२४ पर्यंत निराधार आणि श्रावणबाळचे पैसे तालुक्यातून जायचे. तहसील कचेरी याद्या करायची, बँकेला पाठवायची, बँक खात्यावर टाकायची. यात उशीर होता, चुका होत्या, क्वचित लबाडीही. त्यानंतर राज्याच्या डीबीटी पोर्टलवरून पैसे थेट जाऊ लागले. मधली माणसं कमी झाली हे चांगलंच झालं. पण ‘माझे पैसे का आले नाहीत’ याचं उत्तर देऊ शकणारं टेबलही त्यांच्याबरोबर गेलं. तहसीलमध्ये विचारलं तर ‘वरून गेलेत, बँकेत बघा’. बँकेत विचारलं तर ‘आमच्याकडे आले नाहीत, तहसीलला विचारा’. दोघंही खरं बोलत असतात.

पैसे गेले कुठे हे कळायला या रस्त्याचा नकाशा ठाऊक हवा. आधारवर आधारलेल्या वाटपात सरकार पैसे खाते क्रमांकावर पाठवत नाही, आधार क्रमांकावर पाठवतं. कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत वळवायचे याची नोंद राष्ट्रीय देयक महामंडळाकडे, म्हणजे एनपीसीआयकडे असते. एका आधारला एकच बँक. सगळ्यात शेवटी जिथे आधार जोडलं, ती. अर्जासोबत जोडलेल्या पासबुकाच्या झेरॉक्सला इथे काही अर्थ उरत नाही. बाईने मधल्या काळात बचत गटाच्या कर्जासाठी दुसऱ्या बँकेत खातं उघडलं असेल, मोबाइलचं सिम घेताना दुकानदाराने ‘इथे अंगठा ठेवा’ म्हणून पेमेंट बँकेचं खातं काढून दिलं असेल, तर पगार तिकडे जातो. २०१७ साली गॅसच्या अनुदानाबाबत देशभर हेच घडलं होतं: ग्राहकांना पत्ताच नसलेल्या मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेतल्या खात्यांत अनुदान जमा होत राहिलं आणि प्रकरण आधार प्राधिकरणाच्या कारवाईपर्यंत गेलं.

देशातलं पहिलं आधार याच राज्यात दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत. कल्पना साधी होती: ज्याच्यापाशी काहीच कागद नाही त्याला एक ओळख द्यायची, म्हणजे कुठलंही दार अडणार नाही. पंधरा वर्षांनंतर ताईच्या समोर बसलेल्यांपैकी निम्म्या जणींचं दार आधारपाशीच अडलेलं असतं.

ताई मोबाइल उघडते. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ नावाची जागा आहे. आधार क्रमांक टाकला की ओटीपी जातो, ओटीपी भरला की बँकेचं नाव, जोडणीची तारीख आणि चालू की बंद एवढं दिसतं. खाते क्रमांक दिसत नाही.

“मावशी, ओटीपी येईल. फोन कुठंय?”

“नातवाकडं.”

“अन् नातू?”

“फडावर. कर्नाटकात.”

नातवाला फोन लागतो, उसाच्या मोळ्या बांधता बांधता तो चार आकडे सांगतो, पुढचे दोन ऐकू येत नाहीत, वेळ संपते. पुन्हा. तिसऱ्यांदा पडद्यावर बँकेचं नाव उमटतं. मावशीने ते नाव कधी ऐकलेलं नाही. ताईने ऐकलंय, तालुक्यात त्या बँकेची शाखा नाही, एका किराणा दुकानात ग्राहक सेवा केंद्र आहे. ती रजिस्टरमध्ये लिहिते, तारीख टाकते आणि मावशीला दोन कामं देते: आधी त्या दुकानात जाऊन शिल्लक विचारायची, पैसे काढून घ्यायचे; मग आपल्या नेहमीच्या बँकेत आधार जोडणीचा अर्ज द्यायचा. त्याचीही पोच घ्यायची.

किराणा दुकानातलं मशीन अंगठा मागतं. चाळीस वर्षं कोयता धरलेल्या हाताच्या बोटांवर रेषा राहिलेल्या नसतात. ‘अंगठा उठत नाही’ हे वाक्य रेशन दुकानापासून बँकेपर्यंत इतक्यांदा ऐकू येतं की तो हाताचा नाही, मशीनचा दोष आहे हे कुणी म्हणतसुद्धा नाही. बोटाला तेल लावून बघ, पुसून बघ, दुसरं बोट ठेव. यातच फसवणुकीला जागा होते. ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणून दोनदा अंगठा घ्यायचा, एकदा पैसे द्यायचे. म्हणून ताईचा दुसरा नियम: पहिल्या अंगठ्याची चिठ्ठी निघाल्याशिवाय दुसरा अंगठा नाही. चिठ्ठी वाचता येत नसली तरी जपून ठेवायची आणि बाजाराच्या दिवशी घेऊन यायची.

पैसे थांबण्याचं आणखी एक कारण कॅलेंडरात आहे. वर्षातून एकदा लाभार्थी हयात असल्याची खात्री द्यावी लागते, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदतही ३१ मार्चला संपते. साखर कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. बीडचं अर्धं गाव या काळात बाहेर असतं. म्हातारी माणसं गावात उरतात, ती चालत बँकेपर्यंत जाऊ शकत नाहीत; ज्यांच्या गाडीवर बसून गेली असती ते फडावर असतात. पगार थांबतो. थांबल्याचं पत्र येत नाही, मेसेज येत नाही. तीन महिने पैसे पडले नाहीत म्हणजे आपण यादीतून उडालो असणार, असं बाईने स्वतःच समजून घ्यायचं.

एजंट आणि ताई

तहसीलच्या आवारात ताई एकटी नाही. डझनभर पोरं आहेत, काखेत प्लास्टिकच्या फाईली. ‘निराधारचं काम आहे का, मावशी?’ त्यांना एजंट म्हणून हिणवणं सोपं आहे. पण ते करतात ते काम खरं असतं. कोणता दाखला कोणत्या खिडकीवर, कोणता कारकून कधी जागेवर, त्रुटी निघाली तर ती कशी बुजवायची हे ज्ञान कुठेही छापलेलं नाही, ते त्यांच्या डोक्यात आहे. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीत हेच दिसतं. कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचं मंडळ २०११ चं, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर, तिजोरीत पैसा आहे. नोंदणीचं शुल्क नाममात्र. पण गेल्या वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. नाक्यावर रोज नवा मालक गाठणाऱ्या मजुराला ते कोण देणार? देणारा बाजारात तयार होतो आणि दर ठरतो. खरा मजूर प्रमाणपत्राअभावी बाहेर, आणि कधी बांधकामावर पाय न ठेवलेला माणूस भांड्यांचा संच घेऊन घरी.

ताई आणि एजंट यांच्यातला फरक पैशाचा आहेच, पण तेवढाच नाही. एजंटचं काम मंजुरीला संपतं, कारण त्याचे पैसे मंजुरीला मिळतात. कशामुळे अडलं होतं हे तो सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या वेळी बाई स्वतः जाईल. ताई मुद्दाम सांगते, मुद्दाम बाईलाच खिडकीवर पाठवते, लांबून उभी राहून बघते. तिच्या गटातल्या सात-आठ जणी आता आपापल्या गावात हेच करतात.

हे काम मोठ्या प्रमाणावर झाल्याचं उदाहरण राज्यात आहे. कोरोनात नवरा गमावलेल्या बायकांसाठी २०२१ मध्ये हेरंब कुलकर्णी आणि राज्यभरच्या अनेक संस्था-कार्यकर्त्यांनी कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी केली. सरकारने ‘मिशन वात्सल्य’खाली तालुका समित्या नेमल्या त्या त्याच काळात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मिळणारे पन्नास हजार, मुलांसाठी बालसंगोपन योजना, निराधारचा पगार, वारसनोंद हे सगळं एकाच बाईच्या बाबतीत एकत्र बघायचं, आणि एकेका तालुक्यात यादी हातात घेऊन विचारत राहायचं, ही त्या कामाची रीत होती. तहसीलदारांसमोर ‘गरीब विधवांना मदत करा’ म्हणून उभं राहणं वेगळं आणि ‘या नावांपुढे हे अर्ज या तारखेपासून पडून आहेत’ म्हणून उभं राहणं वेगळं.

दुसऱ्या टोकाला ‘हकदर्शक’सारखे प्रयोग आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने स्थानिक बायकांना प्रशिक्षण दिलं, हातात ॲप दिलं. त्या घरोघर जाऊन कोणती योजना लागू पडते ते शोधतात, अर्ज भरून देतात आणि सेवेचं ठरलेलं शुल्क घेतात. केंद्र सरकारचं ‘माय स्कीम’ पोर्टलही २०२२ पासून वय, जात, उत्पन्न टाकलं की योजनांची यादी काढून देतं. यादी आता खरोखरच कुणालाही मिळू शकते. अडचण यादीत नाव सापडण्याच्या पुढे आहे.

नमुना ४ चा धडा

पोच आणि तारखेच्या जोरावर हक्क मागणं महाराष्ट्राला नवं नाही. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केलेल्या प्रयोगातून, पुढे १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला आणि २००५ मध्ये देशाने ती कल्पना उचलली. त्या कायद्याचं बळ मजुरीच्या दरात नव्हतं, एका साध्या तरतुदीत होतं. मजुराने नमुना ४ मध्ये काम मागितलं की तारीख टाकलेली पोच द्यायची. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारभत्ता द्यायचा. त्या तारखेपासून घड्याळ सरकारच्या विरुद्ध चालू होतं. म्हणूनच गावोगावच्या संघटनांची पहिली लढाई कामासाठी नसे, पोचेसाठी असे. ग्रामपंचायती कागद घ्यायला तयार असत, तारीख टाकायला नसत.

लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला तो याच वळणाचा. अधिसूचित सेवेला मुदत, मुदत चुकली तर अपील, दोन अपिलांनंतर आयोग, दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. उत्पन्नाचा दाखला पंधरा दिवसांत मिळाला पाहिजे हे आता फलकावर लिहिलेलं असतं. पण घड्याळ दाखल्याला लागू आहे, पगाराला नाही. एकदा सुरू झालेले पैसे थांबले, तर किती दिवसांत, कुणी, कोणत्या कागदावर कारण द्यायचं, हे लाभार्थीच्या हातात नाही.

राजस्थानने यावर एक पाऊल टाकलं. अरुणा रॉय आणि मजदूर किसान शक्ती संघटन यांच्या रेट्यातून १३ सप्टेंबर २०१९ रोजी तिथे ‘जन सूचना पोर्टल’ सुरू झालं. कुठल्याही ग्रामपंचायतीतले पेन्शनधारक, रेशनधारक, त्यांची सद्यस्थिती अर्ज न करता पाहता येते. यात खासगीपणाचा प्रश्न आहे आणि तो खरा आहे. आधार आणि खाते क्रमांक भिंतीवर लावायचे नसतात. पण नाव, चालू की बंद, बंद असेल तर कारण, एवढं चावडीवर लावायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. आज महाराष्ट्रातल्या बाईला आपल्या शेजारणीचं विजेचं बिल ऑनलाइन दिसू शकतं, स्वतःचा पगार का थांबला ते दिसत नाही.

पन्नास रुपये कशाचे?

उपाय फार मोठे नाहीत. एकवीस हजारांची मर्यादा निदान रोजगार हमीच्या हमी दिलेल्या सगळ्या दिवसांच्या मजुरीशी बांधली, तर लाखो खोटे दाखले काढायची गरज एका शासन निर्णयात संपेल. लाडकी बहीणसाठी जो रेशनकार्डाचा पुरावा चालला, तो विधवेलाही चालावा. हयातीची तपासणी ऊसतोडीच्या जिल्ह्यांत हंगामाबाहेर, जूनमध्ये, गावातच व्हावी. केंद्राचा वाटा ऐंशीच्या आतल्या ज्येष्ठांसाठी २००६ पासून दोनशे रुपयांवर आणि विधवांसाठी २०१२ पासून तीनशेवर थांबला आहे. बाकीचं राज्य घालतं म्हणून ते जाणवत नाही, पण इतक्या वर्षांत तिथे एक रुपया वाढला नाही, हे दिल्लीला कुणीतरी विचारायला हवं.

या सगळ्याच्या आधी मात्र एक गोष्ट लगेच करता येण्यासारखी आहे. अंगणवाडी सेविकेला सरकारने अर्जामागे पन्नास रुपये देऊ केले. ते अर्ज भरण्याचे होते. त्यामुळे अर्ज भरले गेले, भराभर आणि भरमसाट, पात्र-अपात्र दोघांचे. ज्याचे पैसे देता ते काम होतं, हा नियम सरकारलाही लागू आहे. तेव्हा तेच पन्नास रुपये अर्जाला न देता पहिला हप्ता बाईच्या हातात पडल्यावर द्यावेत, आणि पुढे दर वर्षी तिचा पगार खंड न पडता चालू राहिला तर पुन्हा द्यावेत. सेविकेला द्या, आशाताईला द्या, एकल महिलांच्या गटाला द्या. पण नाव नेमून द्या, आणि त्या व्यक्तीला तहसीलच्या लॉगिनवर निदान ‘का थांबलं’ एवढं वाचता येईल अशी परवानगी द्या. खर्च पगाराच्या वार्षिक अठरा हजारांपुढे नगण्य आहे.

हे ताईला सांगितलं तेव्हा तिने आधी हिशेब केला आणि मग हरकत घेतली. “पन्नास रुपये मिळायला लागले की आमच्यातपण एजंट होतील. ते एक तुम्ही लिहा.” लिहिलं आहे. तिचं म्हणणं बरोबर आहे आणि त्याचं उत्तरही तिच्याच कामात आहे: पोच बाईच्या हातात, चिठ्ठी बाईच्या हातात, आणि चालू-बंदची यादी चावडीवर सगळ्यांसमोर. मदतनीसाला पैसे देताना कागद लाभार्थीपाशी ठेवला, की मदतनीस मालक होत नाही. एवढी तरतूद शासन निर्णयाच्या दोन ओळींत बसते, आणि दीड महिन्यात बायकांच्या खात्यात पैसे पाडणाऱ्या यंत्रणेला ती जमणार नाही असं म्हणायला आता जागा राहिलेली नाही.